दशमांश कुणाच्या ताटात?

पत्र (थोडक्यात):

‘सलाम. मी शेवगाव तालुक्यातली. एका मिशन दवाखान्यात ३१ वर्षं स्टाफ नर्स होते, मार्चमध्ये निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून १८ लाख हातात आले. पेन्शन मात्र महिना तीन हजारांच्या आत. यजमान सहा वर्षांपूर्वी प्रभूजवळ गेले.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नव्या सभागृहाचं काम चालू आहे. निवृत्तीच्या रकमेचा दशमांश, म्हणजे १ लाख ८० हजार दिले, तर यजमानांच्या नावाची संगमरवरी पाटी लावू, असं कमिटीचं म्हणणं आहे. त्या रविवारी संदेश बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायावर होता. सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत राहिलं.

माझा धाकटा दीर आणि जाऊ दरवर्षी कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातात. सासरी बाप्तिस्मा फक्त यजमानांनी घेतला होता, ते दोघं ख्रिस्ती नाहीत. त्यांची मुलगी बारावी झाली. तिला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करायचाय, फी वर्षाला लाखाच्या घरात. जावेने अजून तोंड उघडून काही मागितलेलं नाही. तिला दिलेला पैसा दशमांशात धरता येईल का? ते मंडळीतले नाहीत म्हणून विचारते. मुलगा पुण्यात फ्लॅट बघतोय, त्यालाही हातभार हवाय. आणि मंडळीला कमी दिलं तर देवाचा आशीर्वाद थांबेल का? रात्र रात्र झोप लागत नाही.’

— अहिल्यानगर जिल्ह्यातील एक भगिनी

उत्तर:

सलाम ताई,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमची झोप त्यानेच उडवलेली दिसते. नाही, आशीर्वाद थांबणार नाही. बिल थकलं म्हणून वीज तोडायला येणारा देव आपला नाही.

मलाखी ३:१० आपल्याकडे इतक्या वेळा वाचतात की पुष्कळांना ते तोंडपाठ असतं. त्याच्या मागेपुढे काय आहे ते मात्र क्वचित वाचलं जातं. सगळा दशमांश भांडारात आणा, असं सांगून प्रभू लगेच कारणही देतो: म्हणजे माझ्या मंदिरात अन्न राहील. त्या भांडारात धान्य, नवा द्राक्षारस आणि तेल येत असे. मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांना वाटणीची जमीन नव्हती, त्यांची पोटं त्यावर चालत. लोकांनी आणणं सोडलं तेव्हा काय झालं ते नहेम्याच्या १३व्या अध्यायात आहे. लेवी आणि गायक मंदिरातली सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले. मलाखीची तक्रार या उपासमारीची आहे. आणि त्याच अध्यायात, पाच वचनं आधी, मजुराची मजुरी दाबणारे, विधवा व अनाथ यांना गांजणारे, उपऱ्याचा हक्क बुडवणारे यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्षीला उभा राहतो. दहावं वचन सांगायचं आणि पाचवं गाळायचं, असा संदेश मला अर्धा वाटतो. पाळकसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवून हे लिहिते.

आता तुमचा मुख्य प्रश्न, पुतणीला दिलेला पैसा दशमांशात धरता येईल का. माझं उत्तर होय असं आहे, आणि बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा १४वा अध्याय उघडून बघा, तुमचंही होईल. दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश यरुशलेमेला न्यायचाच नव्हता. तो आपल्याच गावात साठवायचा, आणि लेवी, उपरी, अनाथ, विधवा यांनी येऊन पोटभर खायचं. यातला उपरी हा इस्राएलातला नाहीच. तो कुठल्या कुळातला, कुणाची उपासना करतो, हे विचारून मग त्याला वाढा, असं तिथे कुठेही म्हटलेलं नाही. तो वेशीच्या आत आहे आणि भुकेला आहे, एवढं पुरे. तुमची जाऊ तर तुमच्या घरातलीच आहे.

घरच्यांना दिलं तर ते देवाला पोचत नाही, या समजुतीवर येशू स्वतः बोलला आहे. मार्कच्या सातव्या अध्यायात आईबापांच्या वाट्याचा पैसा ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेला असं जाहीर करून हात वर करणारे लोक भेटतात. तुम्ही आपल्या परंपरेने देवाचं वचन रद्द करता, असं तो त्यांना तोंडावर सांगतो. प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलं त्याहून सरळ आहे. ज्या विश्वासी बाईच्या घरात विधवा आहेत तिने त्यांना सांभाळावं, मंडळीवर भार टाकू नये, म्हणजे ज्या खरोखर एकट्या आहेत त्यांचं मंडळी बघेल. घरातल्या माणसाला उभं करणं हे त्या मंडळीत मंडळीच्याच कामात मोजत होते.

आणि जरा हेही डोळ्यांसमोर आणा. तुम्ही ही फी भरली नाही, तर ती कुठून येईल? ऊसतोडीच्या मुकादमाकडून. दीर-जाऊ वाढीव उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम घेतील, हंगामात ती फिटणार नाही, पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा त्याच मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसावं लागेल. कदाचित मुलीलाच सोबत नेतील आणि शिक्षण राहून जाईल. आईबाप वर्षातले पाच-सहा महिने कारखान्याच्या फडात, कोपीत, आणि पोर मागे राहून बारावी पास होते, ही साधी गोष्ट नाही. तुमच्या तालुक्यातल्या किती मुलींची नावं याच वयात हजेरीपटावरून गेली, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलं असेल.

कसं द्यायचं, यावर मला थोडं सविस्तर लिहायचंय. मदत देऊन माणूस दुखावला गेल्याची उदाहरणं आपल्यात कमी नाहीत. रूथचा दुसरा अध्याय या बाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवतो. शेताच्या कडेचं पीक कापू नका, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नका, ती गरिबांची, हे नियमशास्त्रात आधीच होतं. परक्या देशातून आलेल्या विधवा रूथचा तो हक्कच होता. शेताचा मालक बवाज त्याच्या पुढे जातो. रूथ जेवून उठते, पुन्हा वेचायला जाते, तेव्हा तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून मुद्दाम काही कणसं ओढून टाका, तिला वेचू द्या, तिला दटावू नका. तिच्या हातात तो पोतं ठेवत नाही. संध्याकाळी रूथ झोडपते आणि एफाभर (एफा हे धान्याचं जुनं माप) जव निघतात. सासूकडे, नामीकडे, ती स्वतः वेचलेलं धान्य घेऊन जाते, ताठ मानेने.

तुमच्या पुतणीच्या बाबतीत हे असं करता येईल. फी थेट कॉलेजात भरा, पावती मुलीच्या हातात द्या. जावेला सांगा की आपल्या घरात माझ्यामागे कुणीतरी नर्स व्हावी अशी माझी फार इच्छा आहे. ते खरंच आहे, म्हणून सांगायला अवघड जाणार नाही. भावकीत, लग्नाच्या मांडवात, मंडळीच्या साक्षीच्या वेळी या पैशाचा उल्लेख नको. सुटीत ती तुमच्याकडे आली तर तिच्याकडून धुणीभांडी करून घेऊ नका. घरची मुलगी म्हणून तिने आपण होऊन केली तर गोष्ट वेगळी.

आणि कळकळीने सांगते, तिने चर्चला यावं ही अट घालू नका. उघड नको, आडून आडून नको, मनातही नको. १८७६-७८च्या दुष्काळानंतर आपल्या जिल्ह्यात मंडळ्या वाढल्या आणि ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा आपल्या आजे-पणज्यांनी जन्मभर ऐकला. आपल्या देण्याला कुणी विकत घेणं म्हणू नये, याची काळजी म्हणूनच आपल्याला इतरांपेक्षा जास्त घ्यायला हवी. लूकच्या १७व्या अध्यायात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि आभार मानायला एकटा शोमरोनी परत येतो. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. त्याला वाईट वाटलं असणार. पण त्या नऊ जणांचा रोग त्याने परत आणला नाही. तुमची पुतणी उद्या नर्स होऊन तिच्या रूढीप्रमाणे लग्न करेल, तुमच्या मंडळीची पायरीही चढणार नाही, असं होऊ शकतं. तसं झालं तरी दिलेलं वाया गेलं असं वाटणार नाही, एवढं मनाशी पक्कं करून मगच पहिली फी भरा.

मंडळीला काहीच देऊ नका, असं या सगळ्यातून वाचू नका. पाळकाच्या घरीही चूल पेटायची असते. चर्चचं छप्पर, विजेचं बिल, रविवारच्या शाळेतली मुलं, हे आपलं आपल्यालाच बघायचंय. प्रश्न किती द्यायचं हा आहे, आणि करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा व नववा अध्याय यासाठी एका बैठकीत वाचून काढा. पौल तिथे यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी गोळा करतोय. दोन अख्खे अध्याय पैशांवर आहेत, पण दहा टक्के हा आकडा त्यात एकदाही येत नाही. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, खंत करत किंवा देणं भाग पडलं म्हणून नको, कारण संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. देणं स्वीकारलं जातं ते आपल्याजवळ जे आहे त्याच्या मानाने, जे नाही त्याच्या मानाने नाही. दुसऱ्यांची सोय व्हावी आणि तुमची ओढाताण व्हावी असा माझा हेतू नाही, असंही तो स्पष्ट लिहितो. त्याला हवी आहे समानता. यावर कमिटीत कुणी वाद घातला, तर आठव्या अध्यायाचं तेरावं वचन मोठ्याने वाचून दाखवा.

गरिबाने द्यायचंच नाही, असाही अर्थ त्यातून निघत नाही. मासेदोनियाच्या मंडळ्या अगदी दारिद्र्यात होत्या आणि आम्हालाही या सेवेत वाटा द्या म्हणून पौलाच्या मागे लागल्या होत्या. मिझोरामच्या बायका १९१०पासून दर वेळी भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत. आपल्याकडचा कापणीचा सण तुम्हाला ठाऊकच आहे. कुणी सुपात बाजरी आणतं, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेला कोंबडा, आणि एखादी म्हातारी पदरात जपून एकच अंडं घेऊन येते. उपासना झाली की लिलाव लागतो. दहा रुपयांचं अंडं पाचशेला जातं, बोली जिंकणारा ते तसंच ठेवतो, पुन्हा लिलावाला येतं, आणि शेवटचा माणूस नेऊन ते त्या म्हातारीच्याच हातावर ठेवतो. तिचं देणं मोजलं गेलं, मंडळीला पैसे मिळाले आणि अंडंही तिच्या घरी परत गेलं. पौलाच्या समानतेचा याहून चांगला नमुना मी आपल्या भागात पाहिलेला नाही.

विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे क्षुल्लक नाण्यांची गोष्ट तुम्हाला नक्की ऐकवतील. तिने सगळं टाकलं, तुमचा तर दहावा हिस्साच मागतोय, असं म्हणतील. मार्कचा १२वा अध्याय त्याच्या जरा वरून वाचा. येशू त्या बाईचं मोल सगळ्यांपेक्षा जास्त ठरवतो. पण त्याच्या अगदी आधी, विधवांची घरं गिळंकृत करून लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांपासून जपा, असंही तोच बजावतो. ती बाई आपण होऊन पेटीपाशी आली. विधवेकडे जाऊन तिची शेवटची दमडी मागा, असं त्याने कुणाला सांगितलेलं नाही.

पाटीबद्दल मी जपून लिहिते, कारण तिच्यावर यजमानांचं नाव येणार आहे. गेलेल्या माणसाची आठवण कुठेतरी कोरलेली असावी असं वाटणं पाप नाही. त्या नावाची किंमत ठरवून ती तुमच्यासमोर ठेवली गेली, ते मला पटलं नाही. प्रेषितांच्या कृत्यांत, नवव्या अध्यायात, यापो गावची टबीथा आजारी पडून वारते. येशूचा शिष्य पेत्र माडीवर येतो तेव्हा विधवा रडत त्याच्याभोवती जमतात आणि तिने शिवलेले अंगरखे नि वस्त्रं त्याला दाखवतात. तिची आठवण त्या बायकांच्या अंगावर होती. यजमानांच्या भावाची मुलगी त्यांच्या निवृत्त पत्नीच्या पैशाने नर्स झाली, तर त्या घरात त्यांचं नाव किती वर्षं निघेल, ते तुम्हीच सांगा. तरीही पाटी हवीशी वाटली तर लावा. फक्त मग ती दशमांशात मोजू नका, ती तुमच्या प्रेमाची वेगळी गोष्ट आहे.

एक हिशेबाची गोष्टही बघा. तुम्ही नोकरीत असताना दर महिन्याला दशमांश देत होतात की नाही, ते पत्रात नाही. पुष्कळ भगिनी पूर्ण पगारावर देतात. तुम्हीही तसं देत असाल, तर फंडात कापला गेलेला तुमचा हिस्सा त्यातच मोजून झालेला आहे. आता पुन्हा संपूर्ण १८ लाखांवर दहा टक्के लावले तर एकाच पैशावर दोनदा मोजणी होते.

तुमच्या स्वतःच्या म्हातारपणाचं काय? रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे, आणि घर चालवताना लक्ष्मीबाईंची किती ओढाताण झाली ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. टिळकांचं मन मोठं होतं, पण त्या दानाची झळ दुसऱ्याला लागत होती. तीन हजारांच्या पेन्शनवर तुमचं औषधपाणीही भागणार नाही. मोठा हिस्सा जिथून नियमित व्याज येईल तिथे ठेवा. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना दर तिमाहीला व्याज देते. साठ पूर्ण झाली नसतील तर निवृत्तांना ठरावीक मुदतीत अर्ज करावा लागतो, म्हणून पोस्टात लवकर विचारा. उद्या मुलाच्या किंवा मंडळीच्या दारात हात पसरायला लागू नये, हीही इतरांवर केलेली कृपाच आहे. आणि पुढे व्याजातून दर महिन्याला थोडं थोडं देत राहता येईल.

मुलाला सांगा की माझ्यामागे जे उरेल ते तुझंच आहे, आत्ता फ्लॅटसाठी अमुक एवढं देऊ शकते, त्याहून जास्त नाही. कमावता आहे, समजून घेईल. नाही घेतलं तरी आकडा बदलू नका.

मंडळीसाठी जी रक्कम ठरवाल ती आधी घरी, प्रार्थना करून, कागदावर लिहा आणि मगच बाहेर पडा. कमिटीसमोर बसून आकडा ठरवू नका, तिथे भीड पडते. पाळकसाहेबांना एवढंच म्हणा, ‘साहेब, मी एवढं ठरवलंय, आनंदाने देते, पावती द्या.’ बाकीचा पैसा कुठे जातोय ते सांगण्याची गरज नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे अशा वेळीही लागू होतं. पावती मागताना संकोच करू नका, आणि वर्षाअखेरीस सभागृहाच्या खर्चाचा हिशेब वाचून दाखवा अशी मागणीही करा. यरुशलेमेची वर्गणी नेताना कुणी बोट ठेवू नये म्हणून पौलाने तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेला माणूस पाठवला होता. प्रेषिताने जे स्वतःला लावून घेतलं ते आपल्या कमिटीला जड जाऊ नये.

ही सगळी बोलणी चार आठवड्यांनी झाली तरी चालतील. पुतणीचं मात्र थांबणार नाही. कॉलेज महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यतेचं आहे ना, तिथे दवाखान्यातला सराव नीट मिळतो ना, हे तुमच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला बघता येणार? स्वतः जाऊन या. मुलीकडे जातीचा दाखला असेल तर महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरची शिष्यवृत्ती त्या कॉलेजला आणि तिच्या प्रवेशाच्या प्रकाराला लागू होते का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा. सरकारकडून मिळण्याजोगं आधी मिळवा, उरलेलं तुम्ही भरा. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलमध्ये वेळ लागतो आणि दीर-जाऊ एकदा तोडीला गेले की सह्यांसाठी हाताशी लागणार नाहीत, तेव्हा ते गावात आहेत तोवर कागद करून घ्या. प्रवेशाची तारीख हुकली तर तिचं अख्खं वर्ष जाईल.

तुमची,
सदरलेखिका